पिंपलच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर: नाशिकमधला माझा अनुभव, खर्च आणि रिझल्ट

खड्ड्यांसाठी लेझर करू की नको असं मला शाळेतल्या दोन-तीन जणींनी विचारलंय, बहिणीच्या मैत्रिणींनी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. माझं उत्तर आहे, करा, फरक पडतो, मला पडलाय. पण आधी तुमचे खड्डे कुठल्या प्रकारचे आहेत हे हात लावून, उजेडात धरून बघणारा स्किनचा डॉक्टर शोधा. सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरची, मशीन आता नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडला बऱ्याच ठिकाणी आहेत, ते मशीन तुमच्या चेहऱ्यावर कुठे, किती आणि केव्हा चालवायचं हे ठरवणारा माणूस महत्त्वाचा.

माझे पिंपल दहावीत सुरू झाले ते बीएड होऊन नोकरीला लागले तरी चालूच होते, दोन्ही गाल, कानशिलं आणि हनुवटीची कड. पिंपल गेले आणि खड्डे राहिले. इथे एक गोष्ट आधी सांगते कारण यात खूप जणांचे पैसे फुकट जातात. डाग वेगळा आणि खड्डा वेगळा. पिंपल गेल्यावर राहतो तो तपकिरी किंवा लालसर ठिपका, त्यावर बोट फिरवलं तर काही लागत नाही, तो रंगाचा प्रॉब्लेम आहे, सनस्क्रीन आणि डॉक्टरने दिलेलं क्रीम नेमाने लावलं तर काही महिन्यांत फिका होतो, त्याच्यासाठी हे लेझर करायची बहुतेकदा गरजच नसते. खड्डा म्हणजे आत सूज येऊन तिथलं कोलॅजेन, म्हणजे कातडीला आतून आधार देणारं प्रथिन, नष्ट झालंय आणि वरची कातडी खाली बसलीय. तो कुठल्याही क्रीमने भरत नाही, मग ते पाचशेचं असो की पाच हजारचं.

आधी मी एका मोठ्या चकाचक ठिकाणी गेले होते, नाव घेत नाही. तिथे डॉक्टरच्या आधी काउन्सेलर मॅडमकडे बसवतात. त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की ओपन पोअर्स, पिगमेंटेशन, स्कार सगळं शंभर टक्के जाईल, आठ सिटिंगचं पॅकेज घ्या, आज बुक केलं तर डिस्काउंट आणि ईएमआयची सोय आहे. मी विचारलं डॉक्टर कधी बघणार, तर म्हणाल्या पहिल्या सिटिंगच्या दिवशी भेटतील. म्हणजे औषध आधी ठरलं, रोग नंतर बघणार. मी उठून आले आणि मला अजूनही राग येतो, कारण माझ्यासमोर एक कॉलेजची मुलगी आईला घेऊन बसली होती, तिच्या चेहऱ्यावर पू असलेले ताजे पिंपल होते आणि तिलाही हेच पॅकेज चाललं होतं. पिंपल चालू असताना खड्डे भरायला घेणं म्हणजे एकीकडे भरायचं आणि शेजारी नवीन पडू द्यायचे.

मग शाळेतल्या एका मॅडमनी सुचवलेल्या डॉक्टरांकडे गेले. छोटं क्लिनिक, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, नंबर लावून बसायचं, दीड तास बसावं लागतं आणि हे मला अजिबात आवडत नाही, फोनवर अपॉइंटमेंट देतात त्या वेळेला काही अर्थ नसतो. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी डोक्यावरचा लाइट बंद केला, खिडकीशी बसवलं आणि बाजूने टॉर्च मारून गाल बघितला. समोरून उजेड पडला की खड्डे दिसतच नाहीत, बाजूने पडला की सावली पडते आणि एकूण एक खड्डा उठून दिसतो. मग दोन बोटांनी गालाची कातडी ताणली आणि हातात आरसा दिला. म्हणाले, बघा, ताणल्यावर हे गालावरचे गायब झाले ना, हे रोलिंग स्कार, आतून धागे खाली ओढतायत म्हणून कातडी लाटांसारखी वरखाली दिसते. कानशिलावरचे ताणूनही तसेच राहिले, कडा सरळ कापलेल्या, तळ सपाट, हे बॉक्सकार. आणि नाकाच्या बाजूला सुई टोचल्यासारखे बारीक पण खोल, हे आइस पिक. मी इतकी वर्षं आरशात रोज बघत होते, पण माझ्या चेहऱ्यावर तीन प्रकार आहेत हे मला तेव्हा कळलं.

आणि तीन प्रकारांना तीन वेगवेगळे उपाय लागतात. रोलिंगसाठी सबसिजन, म्हणजे जागा बधिर करून कातडीखाली सुई घालून ते ओढून धरणारे धागे तोडतात. आइस पिकसाठी टीसीए क्रॉस, बारीक टोकाच्या काडीने जास्त टक्क्यांचं अ‍ॅसिड फक्त त्या भोकाच्या आत लावतात, क्षणात तो ठिपका पांढरा पडतो आणि मग खपली धरून आतून हळूहळू भरत येतो. लेझर चालतं ते बॉक्सकार, कमी खोल रोलिंग आणि एकूण पोत सुधारायला. खोल आइस पिकवर नुसतं लेझर मारत बसलं तर पैसे जातात आणि भोक तिथेच राहतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की चेहरा पहिल्यासारखा गुळगुळीत होणार नाही, अर्ध्याच्या आसपास सुधारणा झाली तर चांगला रिझल्ट समजायचा, चालेल का ते घरी जाऊन ठरवा. पैशाची गोष्ट मी विचारल्यावर निघाली. मला हे फार बरं वाटलं.

लगेच लेझर केलंच नाही. आधी उरलेले पिंपल बंद करायला आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या झाल्या. या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना प्रेग्नन्सी राहता कामा नये, बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, लग्न झालेल्या मुलींनी हे डॉक्टरांशी उघड बोलून घ्या, लाजू नका. पूर्वी या गोळ्या बंद करून सहा महिने झाल्याशिवाय लेझरला हातच लावायचे नाहीत, आता फ्रॅक्शनल लेझरसाठी तेवढं कडक धरत नाहीत, तरी गोळी कधी चालू होती ते सांगायचं म्हणजे सांगायचं. ओठावर जर उठत असेल, म्हणजे हर्पिस, तर तेही सांगा, आधीपासून गोळी देतात नाहीतर लेझरनंतर ते चेहराभर पसरू शकतं. आणि अंगावर कुठे जखम झाली की जाड गाठीसारखा वण येत असेल, म्हणजे किलॉइड, तर हे आधी सांगाच.

आता लेझर काय करतं ते. मी विज्ञान शिकवते त्यामुळे मला हे समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. सीओटू लेझरच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, डोळ्याला न दिसणारा किरण, आणि तो पाण्यात लगेच शोषला जातो. कातडीत पाणीच पाणी, त्यामुळे जिथे किरण पडला तिथली कातडी क्षणात वाफ होऊन जाते. पूर्वी याने अख्खा वरचा थर काढायचे, महिना महिना चेहरा लाल, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला काळे-पांढरे डाग पडायची मोठी भीती. २००४ मध्ये फ्रॅक्शनलची कल्पना पुढे आली, म्हणजे सगळीकडे न भाजता अगदी सूक्ष्म ठिपक्यांच्या ओळी मारायच्या आणि दोन ठिपक्यांमधली कातडी शाबूत सोडायची. ती शाबूत कातडी शेजारची जखम पटकन भरून काढते आणि आत उष्णता लागल्यामुळे नवीन कोलॅजेन तयार व्हायला लागतं. हे कोलॅजेन तयार व्हायला महिने लागतात, म्हणून दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे सोडतात आणि खरा रिझल्ट शेवटच्या सिटिंगनंतर तीन ते सहा महिन्यांनी बघायचा असतो.

आणि हो, सीओटू लेझरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लावला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपी या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचं. माझ्या नववीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचे पण ऐकायला लागले. आपल्या इथल्या माणसाचा शोध आज जगभर ऑपरेशन थिएटरमध्ये आणि कारखान्यात पत्रे कापायला वापरतात, हे पोरांना माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सिटिंगच्या दिवशी काय होतं. चेहरा धुवून बधिर करायचं क्रीम जाड थर लावतात, वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवतात आणि पाऊण तास ते तास बसवतात. ते पुसल्यावर गाल आपला नाहीच असं वाटतं. डोळ्यांवर झाकणं ठेवतात, ही हवीतच, कुठे नसतील तर तिथून उठा. मग टिक टिक आवाज करत हँडपीस फिरतो, एकेका चौकोनात ठिपके मारत. गालावर मला चटके बसले ते सोसण्यासारखे, पण कानशिलावर आणि वरच्या ओठाजवळ जीव कळवळला, डोळ्यातून आपोआप पाणी आलं. केस जळाल्यासारखा वास येतो, तो सांगितलेला नसेल तर घाबरायला होतं. शेजारी नर्स गार हवेची नळी धरून उभी असते आणि धूर ओढून घेणारा पाइप चालू असतो. प्रत्यक्ष लेझर वीसेक मिनिटांत होतं. त्यानंतरचे दोन-तीन तास खरे वाईट, बधिरपणा उतरतो आणि चेहऱ्याची आग आग होते, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून धरून बसायचं. संध्याकाळपर्यंत कमी होतं.

दुसऱ्या दिवशी चेहरा सुजलेला, डोळ्याखाली जास्त. तिसऱ्या दिवशी सूज उतरते आणि बारीक तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसायला लागते, जवळून बघितलं तर मशीनने छापलेले चौकोन मोजता येतात. हात लावला तर गालाला बारीक रवा चिकटलाय असं लागतं. याच खपल्या आहेत आणि त्या नखाने काढायच्या नाहीत. रोज साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, व्हॅसलीन किंवा त्यांनी दिलेलं मलम लावून ओलं ठेवायचं, साधारण पाच ते सात दिवसांत त्या आपोआप गळतात. खाली गुलाबी कातडी असते, ती काही आठवडे तशीच राहते.

नाशिक-पुण्यातल्या मुलींसाठी खास, स्कार्फ. आपण गाडीवर बसलो की चेहरा गच्च आवळून बांधतो, तो स्कार्फ खपल्यांवर घासला जातो आणि घामाने आत वाफ होते. मला डॉक्टर पहिले काही दिवस गाडीच चालवू नका म्हणाले, नंतर मऊ सुती ओढणी सैल घ्यायची आणि हेल्मेटची आतली पट्टी रोज पुसायची. मी दिवाळीच्या सुट्टीत पहिलं सिटिंग घेतलं आणि बाकीची शनिवारी दुपारी. शाळेत जाळी घेऊन गेले तेव्हा सहावीतल्या एका मुलाने विचारलं, मॅडम तुम्हाला कांजण्या झाल्या का. मी सांगितलं औषध चालू आहे, तो बरं म्हणाला आणि वही दाखवायला लागला. मोठी माणसं मात्र प्रश्न विचारून हैराण करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऊन आणि आपला रंग. कातडी उन्हाला कशी वागते यावरून फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये प्रकार पाडले, आता ते एकूण सहा धरतात, एक म्हणजे सगळ्यात गोरी आणि सहा म्हणजे सगळ्यात काळी, आणि आपण बहुतेक भारतीय चार-पाचमध्ये येतो. अशा कातडीला उष्णता लागली, सूज आली की ती मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, सोडते आणि लेझर मारलेल्या जागी काळपट डाग येऊ शकतो. म्हणून आपल्याकडे चांगला डॉक्टर एकाच वेळी दाट ठिपके मारत नाही, विरळ मारतो आणि सिटिंग वाढवतो. कोणी म्हणालं की एकाच सिटिंगमध्ये जोरात करून टाकू, तर नको म्हणा. माझ्या डॉक्टरांनी आधी कानामागे छोटा टेस्ट पॅच घेतला. तरीही मला एका सिटिंगनंतर जबड्याच्या कडेला काळपटपणा आलाच. ते होऊ शकतं असं आधी सांगितलेलं होतं, क्रीम दिलं, पुढचं सिटिंग लांबवलं आणि दोन-अडीच महिन्यांत तो गेला. पण ते दोन-अडीच महिने मला रात्री झोप लागत नव्हती, हे लिहायलाच पाहिजे, कारण इंस्टाग्रामवरच्या रीलमध्ये हे कोणी दाखवत नाही.

शिक्षिका म्हणून मला मोठी सुट्टी मेमध्येच मिळते आणि मला सगळं मेमध्येच उरकायचं होतं. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. नाशिकचं मेचं ऊन, पारा चाळिशीला, चेहरा आधीच रापलेला, रापलेल्या कातडीवर लेझर मारत नाहीत. तेव्हा दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ धरा. सनस्क्रीन निदान एसपीएफ ३० चं, दर दोन-तीन तासांनी, मुख्य म्हणजे भरपूर. दोन बोटांवर रेघ भरून येईल एवढं चेहरा आणि मानेला लागतं, त्यामुळे एक ट्यूब महिनाभरही पुरत नाही, हा खर्च आधीच हिशोबात धरा.

रिझल्ट. शेवटच्या सिटिंगला आता सहा महिन्यांच्या वर झालेत. गालावरचे रोलिंग खूप सुधारले, त्याचं अर्धं श्रेय सबसिजनला आहे, त्यानंतर आठवडाभर गाल काळानिळा होता पण उपयोग झाला. कानशिलावरच्या बॉक्सकारच्या कडा बोथट झाल्या, पूर्वी सावली पडायची तशी पडत नाही, तळ मात्र थोडा खोल आहेच. नाकाजवळचे आइस पिक टीसीएने निम्मे भरले, दोन-तीन हट्टी आहेत तसेच. पूर्वी लिफ्टमधल्या लाइटखाली मी मान खाली घालून उभी राहायचे, आता माझ्या लक्षातही येत नाही. डॉक्टरांनी दर वेळी त्याच खुर्चीत, त्याच उजेडात फोटो काढले होते म्हणून मला फरक नक्की सांगता येतो. तुम्हीही हे मागून घ्या. जाहिरातीतले फोटो बघताना आधीचा बाजूच्या उजेडात आणि नंतरचा समोरच्या उजेडात, वर फाउंडेशन, असं आहे का ते बघा, बरेचदा असतं.

खर्च. मला लेझरच्या एका सिटिंगला ५,००० पडले, सबसिजन आणि टीसीएचे वेगळे. विचारपूस केली तेव्हा साडेतीन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत भाव सांगितले गेले. साधारण तीन ते सहा सिटिंग लागतात, म्हणजे औषधं-सनस्क्रीन धरून तीस-चाळीस हजारांची तयारी ठेवा. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, कॉस्मेटिक धरतात. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या स्किन विभागात चौकशी करा, काही ठिकाणी लेझर असतं आणि बरंच स्वस्त पडतं. आगाऊ आठ-दहा सिटिंगचे पैसे कुठेच भरू नका, एकेक करत जा. आणि डॉक्टरची डिग्री बघा, एमडी स्किन किंवा स्किनचा डिप्लोमा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. पार्लरमध्ये सीओटू लेझर करून घेऊ नका, भाजलेला चेहरा घेऊन मग डॉक्टरकडेच जावं लागतं.

घरगुती उपायांचं एवढंच, लिंबू आणि खायचा सोडा चेहऱ्याला लावू नका, ऑनलाइन मिळणारा सुयांचा रोलर घरी फिरवू नका, आणि मेडिकलवाल्याने दिलेली गोरं करणारी ट्यूब तर अजिबात नको. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं, पहिले पंधरा दिवस चेहरा चमकतो आणि मग कातडी पातळ, लाल, केस आणि पुन्हा पिंपल. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी गल्लीत सर्रास मिळतात. माझ्या वर्गात एका मुलीचा चेहरा असा झाला होता. तिच्या आईला बोलावून मी स्किनच्या डॉक्टरकडे पाठवलं. पालकांना हात जोडून सांगते, वयात आलं की येतातच, लग्नानंतर जातील, असं म्हणून थांबू नका. गाठीचे, दुखणारे पिंपल वेळेत औषधाने बंद केले तर बरेचसे खड्डे पडतच नाहीत. मला कोणी चौदाव्या वर्षी नेलं असतं तर हे सगळं एवढं करावंच लागलं नसतं.

शेवटी लग्नवाल्यांसाठी. लग्नाच्या तोंडावर लेझर करू नका, शेवटचं सिटिंग तारखेच्या निदान तीन महिने आधी संपवा, म्हणजे काळपटपणा आलाच तर जायला वेळ मिळतो. मधल्या काळात ब्लीच, फेशियल, वॅक्सिंग, चेहऱ्याचं थ्रेडिंग डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. चुलत बहिणीची हळद माझ्या एका सिटिंगनंतर दहा दिवसांनी होती, आत्या उष्टी हळद घेऊन आली तेव्हा मी हात आणि पाय पुढे केले आणि चेहऱ्याला नको म्हणाले. तिला आधी राग आला, कातडी अजून कोवळी आहे असं समजावल्यावर तिने माझ्या कोपरापर्यंत चोपडली.